यजमानीणबाईही पंगतीत : ज्युलिया चाइल्ड आणि सणाची टर्की

दिवाळीचा फराळ आठवडाभर आधी करून डबे भरून ठेवण्याची रीत मराठी घरांत जुनीच आहे. चकली, शेव, लाडू हे टिकाऊ जिन्नस. ते आधी झाले की सणाच्या दिवशी गृहिणीला थोडी उसंत मिळते. पण ज्या सणाचा मुख्य पदार्थ गरमच वाढावा लागतो आणि तो पदार्थ म्हणजे सहा-सात किलो वजनाचा अख्खा पक्षी असतो, त्या सणाचे काय? अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' साजरा होतो. त्या दिवशी घरोघरी टर्की भाजली जाते. सात किलोच्या टर्कीला ओव्हनमध्ये सुमारे चार तास लागतात. तेवढा वेळ ओव्हन अडलेला, पाहुणे दारात आणि घरची बाई घामाघूम होऊन स्वयंपाकघरात, हे तेथील सणाचे नेहमीचे चित्र होते.

हे चित्र बदलण्यासाठी आयुष्यभर झटलेली व्यक्ती म्हणजे ज्युलिया चाइल्ड. अमेरिकेला फ्रेंच पाककला शिकवणारी सहा फूट दोन इंच उंचीची, खणखणीत आवाजाची दूरचित्रवाणीवरील बाई, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. पण यजमानीणबाईने पाहुण्यांबरोबर बसून गरम जेवले पाहिजे, हा त्यांच्या साऱ्या कामामागचा आग्रह होता. त्यासाठी काय आधी शिजवून ठेवता येते, कुठपर्यंत शिजवता येते आणि ते पुन्हा गरम कसे करावे, याचे शास्त्रच त्यांनी मांडले.

गंमत अशी की, या विदुषीला वयाच्या पस्तिशीपर्यंत स्वयंपाक येत नव्हता. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे १५ ऑगस्ट १९१२ रोजी एका सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव ज्युलिया मॅकविल्यम्स. घरी स्वयंपाकाला माणसे होती आणि आईलाही मोजकेच पदार्थ येत असत. मुलीने चुलीपाशी जावे, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजातून १९३४ साली त्या पदवीधर झाल्या. लेखिका होण्याची स्वप्ने पाहत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जाहिरात विभागात काही काळ नोकरी केली. आईच्या निधनानंतर त्या घरी परतल्या आणि पुढची काही वर्षे दिशाहीन गेली.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. उंची जास्त असल्याने महिलांच्या लष्करी दलात प्रवेश मिळेना, म्हणून त्या अमेरिकेच्या गुप्तवार्ता संघटनेत, 'ओएसएस'मध्ये दाखल झाल्या. तेथे शार्क माशांना दूर ठेवणारे रसायन शोधण्याच्या कामातही त्यांचा सहभाग होता. १९४४ साली त्यांनी अतिपूर्वेतील नेमणूक मागून घेतली. महिनाभराच्या सागरी प्रवासानंतर त्यांचे जहाज मुंबई बंदराला लागले आणि तेथून त्या सिलोनमधील कँडी येथे पोहोचल्या. गोपनीय कागदपत्रांच्या कचेरीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तेथेच पॉल चाइल्ड हा चित्रकार, छायाचित्रकार आणि उत्तम खवय्या असलेला सहकारी त्यांना भेटला. पुढे दोघांची नेमणूक चीनमधील कुनमिंग येथे झाली आणि १ सप्टेंबर १९४६ रोजी त्यांचा विवाह झाला.

पॉल यांची सरकारी नोकरी या दांपत्याला नोव्हेंबर १९४८ मध्ये फ्रान्सला घेऊन गेली. पॅरिसला जाताना वाटेत रुआँ शहरातील एका उपाहारगृहात लोण्यात तळलेला 'सोल' मासा ज्युलियांनी खाल्ला आणि त्या जेवणाने त्यांचे डोळे उघडले. १९४९ साली, सदतिसाव्या वर्षी, त्यांनी 'ल कॉर्दाँ ब्ल्यू' या पॅरिसच्या प्रसिद्ध पाकशाळेत नाव घातले. वर्गात बहुतेक माजी अमेरिकी सैनिक. मॅक्स ब्युन्यार हे अनुभवी आचारी त्यांचे गुरू. सकाळी वर्गात शिकलेले दुपारी घरी करून पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. तरीही पदविकेच्या परीक्षेत त्या पहिल्या खेपेस नापास झाल्या. प्राथमिक पुस्तिकेतील साध्या कृती पाठ करायच्या राहून गेल्या होत्या. दुसऱ्या खेपेस त्या उत्तीर्ण झाल्या.

पुढे सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर त्यांनी एक छोटी पाकशाळा सुरू केली. अमेरिकी वाचकांसाठी फ्रेंच पाककृतींचे पुस्तक लिहिण्याचे काम या दोघींनी आधीच हाती घेतले होते. त्यात ज्युलिया सामील झाल्या आणि पाहता पाहता पुस्तकाचे स्वरूपच पालटले. फ्रेंच ग्रंथांत कृती लिहिल्या जात त्या जाणत्या आचाऱ्यांसाठी. ज्युलियांच्या डोळ्यांसमोर मात्र हाताखाली कोणीही नसलेली, बाजारहाटापासून भांडी घासण्यापर्यंत सारे एकटीने करणारी अमेरिकी गृहिणी होती. पाककलेतला एखादा थोर पदार्थ करता करता तिची दमछाक झाली, तर त्या थोरवीचा उपयोग काय, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता.

पॉल यांच्या बदल्यांबरोबर पुस्तकाचे हस्तलिखितही मार्सेय, जर्मनी, वॉशिंग्टन आणि ओस्लो असे फिरत राहिले. प्रत्येक कृती अनेकदा करून पाहिली जाई. अमेरिकेतील पीठ, लोणी, मांसाचे तुकडे आणि ओव्हन यांच्याशी ती ताडून घेतली जाई. बोस्टनच्या एका प्रकाशनसंस्थेने हा अवाढव्य ग्रंथ नाकारला. अखेर न्यूयॉर्कच्या नॉफ या संस्थेतील तरुण संपादिका ज्युडिथ जोन्स यांनी त्याचे मोल ओळखले आणि १९६१ साली 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' प्रसिद्ध झाले.

सातशेहून अधिक पानांच्या या ग्रंथात एक बारीकशी खूण ठिकठिकाणी आढळते. कंसातील छोटी चांदणी. तिचा अर्थ असा, की इथपर्यंत पदार्थ आधी करून ठेवावा, उरलेली कृती वाढण्यापूर्वी पूर्ण करावी. फ्रेंच उपाहारगृहांत हे तंत्र पिढ्यान् पिढ्या वापरात होते. तेथे कोणताही पदार्थ गिऱ्हाईक आल्यावर पहिल्यापासून केला जात नाही. रस्से, सारणे, चिरलेल्या भाज्या, अर्धे तयार केलेले जिन्नस हाताशी असतात. ज्युलिया व त्यांच्या सहकारी लेखिकांनी व्यावसायिकांचे हे गुपित घरगुती स्वयंपाकघरात आणले. कोणत्या टप्प्यावर थांबले तर चव बिघडणार नाही आणि कोणत्या टप्प्यावर थांबणे घातक, हे ठरवण्यासाठी प्रत्येक कृतीची त्या दृष्टीने पारख करावी लागते. ती तसदी वाचकाच्या वतीने त्यांनी घेतली होती.

या ग्रंथातील 'व्हील प्रिन्स ऑर्लॉफ' ही कृती त्याचे उत्तम उदाहरण. वासराचे मांस भाजायचे, पातळ काप करायचे, प्रत्येक दोन कापांमध्ये कांदा-भात आणि अळिंबीचे सारण भरून तुकडा पुन्हा पूर्ववत रचायचा, वरून चीजचे पांढरे सॉस ओतायचे. हे सारे सकाळी करून ठेवावे आणि संध्याकाळी ओव्हनमध्ये गरम करून वाढावे. येथे पुन्हा गरम करणे ही तडजोड उरत नाही. तो कृतीचाच एक टप्पा ठरतो.

११ फेब्रुवारी १९६३ रोजी बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीवर 'द फ्रेंच शेफ' ही मालिका सुरू झाली, तेव्हा ज्युलिया पन्नास वर्षांच्या होत्या. वाहिनीची इमारत आगीत जळाली असल्याने वीज कंपनीच्या प्रात्यक्षिकांसाठीच्या स्वयंपाकघरात चित्रीकरण चाले. कार्यक्रम जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा आणि चित्रीकरण शक्यतो न थांबता करायचे. तीन-चार तास शिजणारा पदार्थ एवढ्या वेळात दाखवायचा, तर तो निरनिराळ्या टप्प्यांवर आधीच तयार ठेवणे भाग होते. एक कच्चा, एक अर्धा शिजलेला, एक ओव्हनमधून काढायला सज्ज. पॉल चाइल्ड सामान वाहत, भाज्या चिरत आणि शेवटी भांडीही घासत. पूर्वतयारीच्या ज्या शिस्तीवर हा कार्यक्रम उभा होता, तीच शिस्त प्रेक्षकांनी घरी पाळावी, हा त्यातला न बोललेला धडा होता. पहिल्याच भागात दाखवलेले 'बफ बूर्गिन्याँ', म्हणजे वाइनमध्ये मंद शिजवलेले गोमांस, हे आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी गरम केल्यास अधिक रुचकर लागणारे पक्वान्न होते.

याच मालिकेने एका दंतकथेला जन्म दिला. ज्युलियांच्या हातून चित्रीकरणाच्या वेळी टर्की जमिनीवर पडली आणि ती उचलून त्यांनी पुन्हा ताटात ठेवली, असे शपथेवर सांगणारे लोक अमेरिकेत आजही भेटतात. प्रत्यक्षात तसे कधीच घडले नाही. बटाट्याचा एक मोठा धिरड्यासारखा पदार्थ उलटताना त्याचा काही भाग शेगडीवर सांडला आणि तो त्यांनी कढईत परत घेतला, एवढेच घडले होते. पण लोकांच्या आठवणीत बटाट्याची टर्की झाली, यालाही अर्थ आहे. सणाच्या दिवशी टर्की बिघडेल, पडेल, कच्ची राहील ही प्रत्येक घरातील धास्ती होती. तिला हसून सामोरी जाणारी बाई लोकांना हवी होती. 'टाइम' साप्ताहिकाने २५ नोव्हेंबर १९६६च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ज्युलियांना स्थान दिले, तो आठवडाही थँक्सगिव्हिंगचाच होता.

केंब्रिजमधील त्यांच्या घराचा दूरध्वनी क्रमांक सार्वजनिक यादीत छापलेला असे आणि प्रसिद्धी मिळाल्यावरही त्यांनी तो काढून टाकला नाही. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी अनोळखी माणसांचे फोन दिवसभर खणखणत. कोणाची टर्की गोठलेलीच राहिलेली, कोणाची वेळेआधी शिजलेली. ज्युलिया स्वतः फोन घेत आणि पलीकडच्या माणसाचा धीर सुटू नये, अशा बेताने उत्तर देत.

टर्कीची मूळ अडचण तिच्या शरीररचनेत आहे. छातीचे पांढरे मांस सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की कोरडे पडू लागते. पायांचे गडद मांस मात्र त्याहून अधिक तापावे लागते, कारण त्यातील चिवट तंतू तेव्हाच विरघळून मऊ होतात. अख्खा पक्षी ओव्हनमध्ये ठेवला की दोहोंपैकी एकावर अन्याय ठरलेला. ज्युलियांनी यावर फ्रेंच आचाऱ्याचा मार्ग काढला. त्यांनी पक्ष्याचे भागच वेगळे केले. जाक पेपँ या फ्रेंच आचाऱ्याबरोबर लिहून १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही रीत आहे. पाठीचे हाड काढून घ्यायचे, मांड्यांतील हाडे काढून तेथे सारण भरायचे, छातीचा भाग वेगळा भाजायचा आणि वाढताना सारणाच्या ढिगावर सारे नीट रचून पक्ष्याचा आकार परत आणायचा. प्रत्येक भागाला त्याच्या गरजेइतकी आच मिळते. काढलेल्या हाडांचा स्टॉक आदल्या दिवशीच मंद आचेवर उकळून ठेवता येतो आणि ग्रेव्हीची चिंता मिटते.

त्याही आधी, १९७८ सालच्या 'ज्युलिया चाइल्ड अँड कंपनी' या मालिकेत आणि पुस्तकात त्यांनी ऑर्लॉफची जुनी युक्ती टर्कीला लावली होती. एकोणीस पाहुण्यांच्या मेजवानीसाठी सुचवलेल्या या 'टर्की ऑर्लॉफ'मध्ये छातीच्या मांसाचे पातळ काप, कांदा, अळिंबी, भात आणि चीजयुक्त सॉस यांचे थर पसरट भांड्यात रचून ठेवायचे आणि ऐनवेळी ओव्हनमध्ये गरम करायचे असतात. बाजारहाट कधी करावी, कोणते काम कोणत्या दिवशी उरकावे, उरलेल्याचे काय करावे, हेही या पुस्तकात प्रत्येक बेताबरोबर दिलेले आहे. १९८९ सालच्या 'द वे टू कुक' या ग्रंथात तर आधी करून ठेवण्याविषयीची टीप कृतीच्या अखेरीस जागोजागी भेटते. साठच्या दशकातली ती चांदणी आता पूर्ण वाक्ये बोलू लागली होती.

शास्त्रीय दृष्टीने पाहिले, तरी या पद्धतीचा पाया भक्कम आहे. शिजवून फ्रिजमध्ये ठेवलेल्या मांसाला एक-दोन दिवसांत शिळकट वास येतो. मांसातील लोह शिजवताना मोकळे होते आणि त्याच्या साहाय्याने हवेतील प्राणवायू चरबीवर प्रक्रिया करतो. टर्कीच्या चरबीची घडण अशी, की तिला ही बाधा लवकर होते. ग्रेव्ही किंवा सॉसच्या आवरणाखाली ठेवलेल्या कापांना हवा कमी लागते. पुन्हा गरम करताना तोच ओलावा मांसाला कोरडे पडू देत नाही. कोरडा अख्खा पक्षी दुसऱ्या दिवशी परत ओव्हनमध्ये ढकलण्यापेक्षा सॉसमध्ये रचलेले काप गरम करणे म्हणूनच शहाणपणाचे.

आरोग्याचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. अमेरिकी कृषी खात्याच्या मार्गदर्शनानुसार टर्की आधी करायची असेल, तर ती पूर्णच शिजवावी. अर्धवट भाजून ठेवलेल्या मांसात जिवाणू वाढण्याचा धोका असतो. मांसाच्या सर्वांत जाड भागाचे आणि सारणाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेले पाहिजे. नंतर छातीचे काप करावेत, पाय आणि पंख वेगळे काढावेत आणि सारे दोन तासांच्या आत उथळ भांड्यांतून फ्रिजमध्ये ठेवावे. अख्खा पक्षी आतून निवायला फार वेळ घेतो, तोच जिवाणूंना सोयीचा. फ्रिजमधील मांस तीन-चार दिवसांत संपवावे. गरम करताना काप स्टॉकने ओले करून, भांडे घट्ट झाकून, किमान १६३ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावे आणि मध्यभागी पुन्हा ७४ अंश झाल्याची खातरजमा करावी. स्वयंपाकघरात तापमापक वापरण्याची जी सवय अमेरिकी गृहिणींना लागली, तिच्यामागे ज्युलियांसारख्या शिक्षिकांचा मोठा वाटा आहे.

या सर्व काळात त्यांचे स्वतःचे आयुष्य निर्वेध नव्हते. १९६८ साली कर्करोगामुळे त्यांच्यावर स्तनशस्त्रक्रिया झाली. १९७४ नंतर पॉल यांची प्रकृती ढासळत गेली. एकेकाळी प्रत्येक चित्रीकरणात सावलीसारखा असलेला हा साथीदार पुढे बोलण्या-वाचण्यातही अडखळू लागला. ज्युलियांनी काम थांबवले नाही आणि पॉल यांना शक्य तोवर बरोबर नेणेही सोडले नाही. १९९४ साली पॉल निवर्तले. दोघांना अपत्य नव्हते, पण त्यांच्या केंब्रिजच्या स्वयंपाकघरातील टेबलाभोवती माणसांची वाण कधीच नव्हती.

२००१ साली कॅलिफोर्नियाला परतताना ज्युलियांनी ते स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकले. पॉल यांनी पत्नीच्या उंचीला साजेसे उंच करून घेतलेले ओटे, भिंतीवर टांगलेली भांडी, जेवणाचे टेबल, सारे तसेच तेथे मांडण्यात आले. फ्रान्सने २००० साली त्यांना 'लेजिआँ द ऑनर' दिला, तर अमेरिकेने २००३ साली 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम'. १३ ऑगस्ट २००४ रोजी, ब्याण्णवाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, मॉन्टेसिटो येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली कितीतरी मराठी कुटुंबेही आता नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी एका टेबलाभोवती जमतात. कुठे टर्की असते, कुठे तिच्या जागी आपल्याकडचे काही. टर्कीची कृती आज कोणत्याही पुस्तकात मिळेल. पण सणाचा स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचाही सणावर हक्क आहे, हे पाककृतीच्या आत, एका चांदणीच्या रूपाने लिहून ठेवणारे ग्रंथ थोडे. आदल्या संध्याकाळी काप सॉसमध्ये रचून फ्रिजचे दार लावणारी प्रत्येक गृहिणी दुसऱ्या दिवशी पंगतीला बसते, ती बरीचशी ज्युलिया चाइल्ड यांच्या पुण्याईने.